‘लई भारी’चं ‘व्हेरी हेवी’ होत नाही: एक इंग्रजी विशेषण नीट वापरण्यासाठी

कोल्हापुरातल्या खानावळीतून एकजण तृप्त होऊन बाहेर पडतो. तांबडा झाला, पांढरा झाला, सुक्कं मटण आणि दोन भाकऱ्या झाल्या. तो मोबाइल काढतो आणि इंग्रजीत शेरा लिहितो, ‘फूड इज व्हेरी हेवी.’ त्याच्या मनात असतं ‘जेवण लई भारी’. पण दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसून तो शेरा वाचणाऱ्याला कळतं ते एवढंच, की इथलं जेवण पचायला जड आहे, पोटात गोळा होऊन बसतं, रात्री इथं न गेलेलं बरं. माणूस कौतुक करायला गेला आणि खानावळीचं गिऱ्हाईक तोडून आला.

हा घोटाळा फक्त जेवणात होत नाही. साडी, पगार, ताप, गर्दी, नफा, जिथं जिथं आपण ‘भारी’ किंवा ‘जोरात’ म्हणतो तिथं जिभेवर ‘हेवी’ येतं. हा शब्द कुठं बसतो आणि कुठं नाही हे पाठ करत बसायची गरज नाही. त्याच्या पोटात काय आहे ते एकदा समजलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात.

‘हेवी’ मुळात उचलण्याशी जोडलेला शब्द आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो ‘हेफिग’ असा लिहीत आणि ‘हेविग’च्या जवळपास बोलत. त्याच घरातलं क्रियापद म्हणजे ‘हेब्बान’, उचलणे. आजच्या इंग्रजीत त्याचं ‘हीव’ झालं आहे: दम लावून, कण्हत एखादी वस्तू वर उचलणे. म्हणजे ‘हेवी’ म्हणजे जे उचलताना दम लागतो ते. जुन्या इंग्रजीतच त्याला ‘त्रासदायक’, ‘सोसायला कठीण’, ‘मंद’ असे अर्थ आले होते आणि ते आजही सुटलेले नाहीत. त्याच्याही मागे गेलं तर ‘पकडणे, धरणे’ अशा अर्थाचं प्राचीन मूळ लागतं. लॅटिनमधून आलेले ‘कॅप्चर’, ‘केपेबल’, ‘ॲक्सेप्ट’ हे शब्द त्याच मुळाचे.

आपला ‘भारी’ वेगळ्या घराण्यातला. संस्कृत ‘भृ’ म्हणजे वाहणे, धारण करणे. त्यावरून भार, त्यावरून भारी. इंग्रजीत या धातूची भावंडं आहेत ‘बेअर’ म्हणजे वाहणे किंवा सोसणे आणि ‘बर्डन’ म्हणजे ओझं. ‘हेवी’ त्यात नाही. म्हणजे ‘भारी’ आणि ‘हेवी’ यांचं रक्ताचं नातं नाही, नुसता शेजार आहे, आणि शेजाऱ्याच्या सवयी आपल्यासारख्या असतीलच असं नसतं.

आपल्याकडे वजनाला मान मिळाला. ‘गुरु’ या शब्दाचा मूळ अर्थच जड. छंदशास्त्रात गुरु-लघु म्हणतो तेव्हा तो अर्थ अजून जिवंत असतो. ‘गुरु’पासून ‘गौरव’ आला. वजनदार माणूस, भारदस्त आवाज, वजनदार शब्द ही सगळी स्तुतीच. त्याच वाटेनं ‘भारी’ आधी जड, मग किमती आणि मग उत्तम असा चढत गेला, आणि पंचगंगेकाठी ‘लई भारी’ला पोहोचला. इंग्रजीतला ‘हेवी’ ही वाट चढला नाही. तो ओझ्यापाशीच राहिला. इंग्रजीला वजनातला मान दाखवायचा असतो तेव्हा ‘वेटी’ हा शब्द येतो, किंवा लॅटिनकडून घेतलेले ‘ग्रेव्ह’, ‘ग्रॅव्हिटी’ येतात. हे दोन्ही आपल्या ‘गुरु’चे खरे भाऊबंद आहेत. शाळेत ‘ग्रॅव्हिटी’चं भाषांतर ‘गुरुत्वाकर्षण’ करतो तेव्हा नकळत एकाच मुळाची दोन टोकं जुळतात. ‘लघु’ आणि वजनाला हलका या अर्थाचा ‘लाइट’ हेही असेच नातेवाईक. दिव्याचा ‘लाइट’ मात्र वेगळा शब्द, त्याचं मूळ चकाकण्याचं.

तर मुख्य धडा हा: ‘हेवी’त ओझं असतं. ते अंगावर येतं, दाबतं, कोसळतं किंवा भरून वाहतं. वापरण्याआधी मनाला विचारा, ‘याचं ओझं होतंय का?’ दंड, कर, कर्ज, नुकसान, जबाबदारी, युद्धातली जीवितहानी या सगळ्यांचं ओझं होतं, म्हणून ‘हेवी फाइन’, ‘हेवी टॅक्स’, ‘हेवी लॉसेस’, ‘हेवी रिस्पॉन्सिबिलिटी’. नफ्याचं, यशाचं, आनंदाचं ओझं होत नाही, म्हणून ‘हेवी प्रॉफिट’ कानाला खटकतं. तिथं ‘ह्यूज प्रॉफिट’ किंवा ‘हँडसम प्रॉफिट’ म्हणा.

दुसरी कसोटी उलट करून बघायची. शब्दासमोर ‘लाइट’ लावून पाहा. ‘लाइट रेन’, ‘लाइट ट्रॅफिक’, ‘लाइट मील’, ‘लाइट स्लीपर’ ही चारही जमतात, आणि चौघांनाही ‘हेवी’ जमतो. ‘लाइट सॅलरी’ जमत नाही, म्हणून ‘हेवी सॅलरी’ही नको, ‘हाय सॅलरी’ किंवा ‘बिग सॅलरी’ म्हणा. ही कसोटी दहापैकी आठ वेळा खरी ठरते. फसते ती मुख्यतः वाऱ्यापाशी: ‘लाइट विंड’ चालतं पण जोराचा वारा म्हणजे ‘स्ट्राँग विंड’, ‘हेवी विंड’ नव्हे. सर्दी आणि उच्चाराची ढब यांच्याबाबत उलटं होतं. ‘हेवी कोल्ड’ आणि ‘हेवी ॲक्सेंट’ बरोबर, पण थोडी सर्दी ‘स्लाइट कोल्ड’ आणि किंचित ढब ‘स्लाइट ॲक्सेंट’. हे अपवाद तेवढे लक्षात ठेवावे लागतात.

पावसापाशी जरा थांबू, कारण कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हा शब्द सगळ्यात जास्त तिथंच लागतो. ‘बिग रेन’, ‘स्पीड रेन’ असं काही नसतं. पाऊस ‘हेवी’ असतो, कारण तो कोसळतो. हवामान खात्याच्या भाषेत तर ही नुसती बोलण्याची पद्धत नाही, मोजमाप आहे. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पडला तर ‘हेवी’, 115.6 ते 204.4 पर्यंत ‘व्हेरी हेवी’ आणि 204.5 च्या पुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. म्हणून गगनबावड्याच्या पावसाची बातमी मराठीतून इंग्रजीत करताना ‘मुसळधार’ दिसला की डोळे झाकून ‘व्हेरी हेवी’ लिहू नका. आधी आकडा बघा. साठ मिलिमीटर पावसाला ‘व्हेरी हेवी’ म्हटलं तर खात्याच्या भाषेत ते सरळ चूक आहे. इंग्रजी इशारा मराठीत आणतानाही तीन पायऱ्यांना तीन वेगळे शब्द ठेवा: मुसळधार, अति मुसळधार, अत्यंत मुसळधार. तिन्हींना ‘जोरदार’ म्हणून मोकळं झालात तर वाचणाऱ्याला धोका किती वाढलाय ते कळणारच नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. नदीकाठच्या घराला सामान कधी हलवायचं ते अशाच फरकांवरून ठरवावं लागतं.

आणि पाणी चढलं तरी नदी ‘हेवी’ होत नाही. ‘द रिव्हर इज हेवी’ हे वाक्य चुकीचं. ‘द रिव्हर इज हाय’ किंवा ‘द रिव्हर इज इन फ्लड’ म्हणा. समुद्र मात्र ‘हेवी’ होतो: ‘हेवी सीज’ म्हणजे उंच, आदळणाऱ्या लाटा.

आता नेहमीच्या चुका. ताप ‘हेवी’ नसतो, ‘हाय फीव्हर’ असतो. वेग ‘हेवी’ नसतो, ‘हाय स्पीड’ असतो. कडक चहा ‘स्ट्राँग टी’. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाबाहेरची रांग आपण ‘हेवी क्राउड’ आणि ‘हेवी रश’ म्हणतो. भारतात सगळ्यांना समजतं, पण भारताबाहेरच्या वाचकासाठी ‘ह्यूज क्राउड’ लिहा. ‘हेवी ट्रॅफिक’ मात्र सगळीकडे चालतं, कारण वाहतूक वाहते आणि माणसांची गर्दी साचते. ‘हेवी इंग्लिश बोलतो’ असं आपण एखाद्याबद्दल म्हणतो तेव्हा इंग्रजी माणसाला काहीच बोध होत नाही. तिथं ‘डिफिकल्ट वर्ड्स’ असं सरळ सांगा. घर भाड्यानं देताना ‘हेवी डिपॉझिट’ हा शब्द आपल्याकडे ठरलेला आहे: मोठी रक्कम एकदम द्यायची आणि महिन्याचं भाडं द्यायचं नाही. हे परदेशी पाहुण्याला एका वाक्यात समजावून सांगा, नुसता शब्द देऊ नका. तो त्याचा अर्थ ‘जास्तीचं डिपॉझिट’ एवढाच घेईल आणि शिवाय भाडंही भरावं लागेल असं समजेल.

किंमत हा मोठा खड्डा आहे. ‘भारी साडी’ म्हणजे महाग आणि उंची साडी. ‘हेवी सारी’ म्हणजे अंगावर ओझं होणारी साडी. महाद्वार रोडवरच्या दुकानाच्या इंग्रजी जाहिरातीत ‘हेवी वर्क’ लिहिलं की देशातल्या बायकांना भरगच्च जर किंवा टिकल्यांचं काम कळतं, पण परदेशी गिऱ्हाइकासाठी ‘हेविली एम्ब्रॉयडर्ड’ लिहायला हवं. गुजरीत साज घेतला आणि तो वजनाला जास्त आहे असं सांगायचं असेल तर ‘हेवी’ बरोबर. सुंदर आहे असं सांगायचं असेल तर ‘गॉर्जस’ किंवा ‘एक्झक्विझिट’. दोन्ही सांगायचं असेल तर दोन्ही शब्द वापरा, एकावर भागवू नका. ‘प्राइस इज हेवी’ कधीच नको, ‘प्राइस इज हाय’ म्हणा. पण ‘पे अ हेवी प्राइस’ हा वाक्प्रचार अगदी बरोबर आहे. त्यात पैसे नसतात, चुकीची मोठी किंमत मोजावी लागलेली असते. इथंही ओझं आहेच.

वजनाबद्दल एक बारीक चूक चांगले शिकलेले लोकही करतात: ‘इट्स वेट इज हेवी.’ वस्तू जड असते. वजन जास्त असतं, ते स्वतः जड नसतं. गुळाची 30 किलोची ढेप उचलताना ‘इट इज हेवी’ म्हणा किंवा ‘इट वेज थर्टी किलोज’ म्हणा. वजन विचारायचं तर ‘हाउ हेवी इज इट?’ हा प्रश्न हलक्या वस्तूसाठीही चालतो. आपण पिसाचं वजन विचारताना ‘किती जड आहे?’ म्हणणार नाही, पण इंग्रजीत हा प्रश्न फक्त मापाचा असतो, ‘हाउ ओल्ड’सारखा.

माणसाबद्दल बोलताना सांभाळा. एखाद्या बाईला ‘यू आर हेवी’ म्हणणं म्हणजे सरळ ‘जाड’ म्हणणंच. ‘हेवी स्मोकर’, ‘हेवी ड्रिंकर’ हे खूप ओढणारा, खूप पिणारा. ‘हेवी स्लीपर’ म्हणजे ज्याला ढोल वाजला तरी जाग येत नाही तो. ‘हेवी हार्ट’ म्हणजे जड अंतःकरण. इथं दोन्ही भाषा अगदी एक होतात. ‘हेवी-हँडेड’ म्हणजे हात जड असलेला नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त कडकपणा किंवा धसमुसळेपणा करणारा.

तालमीच्या गावात ‘हेवीवेट’ वेगळा सांगायला हवा. हा एकच शब्द आहे, मधे जागा सोडायची नाही. खेळात तो वजनगटाचं नाव, बाहेर वजनदार, प्रभावी माणसाला लावतात, आणि ‘हेवी’ला कौतुकाचा रंग चढतो तो अशा मोजक्या जागी. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं ते बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोच्या. त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहिताना ‘हेवीवेट रेसलर’ लिहिलं तर कौतुक म्हणून लिहिलेलं असलं तरी वाचणारा ते वजनगट म्हणून वाचेल. तिथं ‘अ ग्रेट रेसलर’ लिहा.

‘हेवी-ड्यूटी’ला जोडरेघ लागते. त्याचा अर्थ जास्त राबवलं तरी टिकणारं, जड नव्हे. उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्याच्या माहितीपत्रकात ‘हेवी-ड्यूटी बेअरिंग’ असेल तर ते तळहातावर मावणारंही असू शकतं. वजन सांगायचं तर किलो लिहा.

व्याकरण थोडक्यात. वाढवताना शेवटच्या वायचा आय होतो: ‘हेविअर’, ‘हेविएस्ट’, ‘मोअर हेवी’ नको. क्रियापदाला जोडताना ‘हेविली’: ‘इट रेन्ड हेविली’, ‘ही ड्रिंक्स हेविली’. ‘इट रेन्ड हेवी’ हे बोलण्यात ऐकू येतं, परीक्षेत मार्क कापले जातात. एक-दोन ठरलेल्या जागी मात्र ‘हेवी’ तसाच राहतो, जसं ‘इट सिट्स हेवी ऑन द स्टमक’. स्पेलिंगमधला ‘ए’ विसरू नका: एच-ई-ए-व्ही-वाय. उच्चार ऱ्हस्व आहे. मराठी ‘हे’सारखा लांब ओढू नका, ‘हेड’, ‘ब्रेड’मधला आखूड आवाज काढा. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. मराठी ‘व’ सैल निघतो आणि ऐकणाऱ्याला पुष्कळदा ‘डब्ल्यू’सारखा लागतो. आरशात पाहून ‘हेवी, हेवन, नेव्हर’ दहा वेळा म्हटलं की दात आपोआप जागेवर येतात.

उलट दिशेनं, म्हणजे इंग्रजीतून मराठीत आणताना, एकाच ‘हेवी’ला मराठीत अनेक शब्द लागतात. ‘हेवी वॉटर’ म्हणजे जड पाणी, साध्या पाण्यापेक्षा साधारण 11 टक्के जड. रायगडातल्या थळला त्याचा प्रकल्प आहे. ‘हेवी मेटल्स’ जड धातू. ‘हेवी इंडस्ट्री’ अवजड उद्योग. ‘हेवी व्हेइकल’ अवजड वाहन. कायद्यानं मालवाहू गाडीचं मालासकट वजन 12,000 किलोच्या वर गेलं की ती या गटात येते. ‘हेवी सायलेन्स’ला मात्र जड शांतता म्हणू नका, कृत्रिम वाटतं, ‘दडपण आणणारी शांतता’ म्हणा. ‘हेवी शेड्यूल’ म्हणजे भरगच्च वेळापत्रक. ‘हेवी ब्रेदिंग’ धापा टाकणे. दरवेळी ‘जड’ वापरला तर भाषांतर बोजड होतं.

आणि पहिल्या शेऱ्याचं काय? ‘जेवण लई भारी’ला ‘द फूड इज सुपर्ब’ किंवा ‘फँटास्टिक’ पुरे. बोलीचा जोर आणायचा असेल तर ‘अमेझिंग’, ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’. तांबड्याबद्दल लिहिताना तिखटाला ‘स्पायसी’ आणि गरमला ‘पायपिंग हॉट’ असे दोन वेगळे शब्द ठेवा, कारण नुसत्या ‘हॉट’चे दोन्ही अर्थ होतात. ‘सुपर्ब, बट अ बिट हेवी फॉर डिनर’ असं लिहिलं तर ‘हेवी’ अगदी बरोबर जागी बसतो: जेवण भारी, पण रात्री जड पडतं. लसूण फार आहे असं सांगायचं तर ‘हेवी ऑन द गार्लिक’. ‘जगात भारी, कोल्हापुरी’चं इंग्रजी करायचं झालं तर शब्दाला शब्द लावू नका. ‘कोल्हापूर बीट्स द वर्ल्ड’ असं काहीसं करा, त्यात निदान त्या वाक्यातली ईर्षा येते.

एक जागा मात्र अशी आहे जिथं मराठीतला ‘भारी’ आणि इंग्रजीतला ‘हेवी’ तंतोतंत जुळतात, आणि ती शेतात आहे. भारी जमीन म्हणजे ‘हेवी सॉइल’, हलकी जमीन म्हणजे ‘लाइट सॉइल’. शिरोळकडच्या काळ्या, चिकणमातीच्या रानाला दोन्ही भाषा एकच विशेषण लावतात. गंमत म्हणजे ही जमीन वजनाला जड नसते. कोरड्या चिकणमातीच्या घनफुटाचं वजन बहुतेकदा वाळूसर मातीपेक्षा कमीच भरतं, कारण तिच्या बारीक कणांत मोकळी जागा जास्त असते. ‘हेवी’ म्हणतात ते नांगराला. ओली झाली की ती फाळाला धरते, सुकली की ढेकळं दगडासारखी होतात, आणि दोन्ही वेळी ओढायला जास्त ताकद लागते. म्हणून कृषी विषयाचा मजकूर इंग्रजीत करताना ‘भारी जमीन’ला ‘रिच सॉइल’ लिहू नका. सुपीकता सांगायची असेल तर ‘फर्टाइल’ वेगळा लिहा. ‘हेवी’ फक्त मशागतीला किती ओढ लागते तेवढंच सांगतो.